छायाचित्रातील साल

छायाचित्र पाहणे सोपे. ते वाचण्यास मात्र अभ्यास लागतो. महात्मा गांधी एप्रिल १९१६ च्या अखेरीस मुंबई प्रांतिक परिषदेसाठी बेळगावास आले होते. पुढे डिसेंबर १९२४ मध्ये येथेच ते काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. हा मान त्यांनी एकदाच स्वीकारला. या प्रसंगांच्या चित्रांवर तारीख नसली तरी खुणा असतात. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये पंचा स्वीकारला. म्हणून अंगरखा व काठेवाडी पागोटे दिसल्यास ते चित्र १९२४ चे नव्हे. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी निवर्तले. ते सोबत असतील तर चित्र अधिवेशनाचे असणे शक्यच नाही.

स्थळही साक्ष देते. हंपीच्या गोपुरासारखे प्रवेशद्वार म्हणजे गंगाधरराव देशपांडे यांच्या नेतृत्वाखाली वसविलेले 'विजयनगर'. ते तात्पुरते नगर गेले. पाण्यासाठी खोदलेली विहीर उद्यमबागेअलीकडे टिळकवाडीत उरली आहे. चित्राखालची एक चुकीची ओळ पुढील पिढी इतिहास म्हणून वाचते. सभासदांनी आपल्या संग्रहातील चित्रांमागे व्यक्ती, स्थळ व साल वडीलधाऱ्यांना विचारून वेळीच लिहून ठेवावे. खात्री नसेल तेथे जागा कोरी सोडावी.