‘करतो’ची अक्षरं तीन, अवयव दोन

देगलूरच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि कानडीही कानी पडते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात एकत्र नांदला. पुढे सीमा आखल्या गेल्या, पण जिभा काही वाटून घेता आल्या नाहीत. घरी तेलुगू बोलणारं मूल मराठीचा धडा वाचताना ‘क-र-तो’ असं सुटं सुटं म्हणतं आणि वर्ग हसतो. हे हसणं रास्त आहे काय?

लिपीची साक्ष मुलाच्या बाजूची आहे. ‘करतो’मध्ये अक्षरं तीन. उच्चारात मात्र अवयव दोनच : कर-तो. ‘र’मधला अ आपण गिळतो. तेलुगूत लिहिलेला स्वर बोलायचाच असतो, म्हणून त्या मुलाने तो गिळला नाही, इतकंच.

या गिळण्याला इतिहास आहे. जुन्या पोथ्यांत, आणि पुढे छापील ग्रंथांतही, ‘करितो’ हे रूप आढळतं. तिथं अवयव तीन : क-रि-तो. मधला ऱ्हस्व इ दुबळा होऊन त्याचा अ झाला आणि मग बोलण्यातून तोही गेला. लेखणी मात्र अलीकडच्या पायरीवरच थांबली.

यात शिस्तही आहे. ‘बसतो’ म्हणजे बस-तो, पण ‘बसवतो’ म्हणजे ब-सव-तो. ‘समजतो’ म्हणजे स-मज-तो, पण ‘समजावतो’ म्हणजे सम-जाव-तो. धातू तोच, वाटणी निराळी. कारण लागोपाठचे दोन अ एकदम गळत नाहीत. अक्षरगणवृत्तात तर गिळलेला अ परत येतो : ‘करतो’ तिथं लघु, लघु, गुरू, म्हणजे ‘स’ गण.

१९६२ साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम मान्य केले, तेव्हा ‘गेलों’, ‘केलें’ यांवरचे अनुच्चारित अनुस्वार गेले. गोव्याच्या कोंकणीत ‘केलें’चा नाकातला उच्चार आजही ऐकू येतो. न बोलला जाणारा अ मात्र राहिला, आणि ते बरंच झालं. ‘कर्तो’ लिहिलं असतं तर ‘कर’ हा धातू चटकन ओळखू आला नसता आणि वृत्तही मोडलं असतं.

म्हणून शिक्षकांनी फळ्यावर ‘करतो’ लिहावं, त्याखाली ‘कर-तो’ अशी फोड मांडावी आणि दोन्ही मोठ्याने म्हणून घ्यावं. ‘क-र-तो’ वाचणारं मूल अडाणी नसतं. ते लिपीशी प्रामाणिक असतं. बोलण्याची रीत त्याला कुणीतरी सांगायला हवी.