वऱ्हाडातील आकाशवाणी प्रसारण
अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांना आकाशवाणीचा आवाज प्रथम नागपूरकडून मिळाला. १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या नागपूर केंद्राचे प्रसारण ५८५ किलोहर्ट्झ या मध्यम लहरींवर होत असे. या लहरी जमिनीलगत दूरवर पसरतात आणि रात्री वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन आणखी लांब पोहोचतात, त्यामुळे एकच शक्तिशाली प्रक्षेपक अनेक जिल्ह्यांना पुरेसा ठरे. मात्र एवढ्या मोठ्या टापूसाठी बोलणाऱ्या केंद्राला एखाद्या तालुक्यातील पेरणीची स्थिती किंवा बाजारभाव यांना पुरेसा वेळ देणे अवघड जाई. ही उणीव भरून काढण्यासाठी स्थानिक केंद्रांची कल्पना पुढे आली व १९८४ मध्ये नागरकोईल येथे देशातील पहिले असे केंद्र उघडले.

वऱ्हाडात अकोला केंद्र याच प्रकारचे असून ते १०२.४ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. एफएम, म्हणजे कंप्रता-आरोहण पद्धतीत ध्वनी स्वच्छ येतो, पण या लहरी साधारणतः सरळ रेषेत जात असल्याने त्यांची पोहोच मर्यादित राहते; स्थानिकतेच्या दृष्टीने ही मर्यादा उपकारकच म्हटली पाहिजे. १९६९ मध्ये स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यातच असल्यामुळे कापूस, तूर व सोयाबीन यांवरील तज्ज्ञांचा सल्ला जवळच उपलब्ध होतो. वऱ्हाडी बोलीला प्रमाण मराठीच्या बरोबरीने ध्वनिक्षेपकासमोर स्थान देणे, हे अशा केंद्राचे सर्वांत मोलाचे सांस्कृतिक कार्य होय.