कबुतरांचे रंग : अकबराचा नाद, आजचे शास्त्र

१६०१ साली असीरगड पडला अन् खानदेश अकबराकडे गेला. या बादशहाला कबुतरांचा भारी नाद. त्याने वीस हजारांवर कबुतरे पाळली, जातीजातींचा संकर करून सुधारली, असे ‘ऐने अकबरी’त नमूद आहे. डार्विननेही १८५९ च्या ग्रंथात त्याचा दाखला दिला.

रंगामागचे कारण मात्र विसाव्या शतकात उलगडले. शुद्ध पारव्या रंगाचा नर आणि राखट-तांबडी मादी जोडा : पिलांतले नर तांबडे, माद्या पारव्या. कारण हा रंगगुण लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच असतो.

म्हणून पिलांच्या पायात कडी घाला, जोड्यांची वहीत नोंद ठेवा. पण घरी परतायचा गुण रंगावरून कळत नाही. रंग कितीही देखणा असो, वाट चुकणारे पाखरू पैदाशीला ठेवू नका.