कार्ब्युरेटरचें निदान

वैद्यकाच्या इतिहासांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. माधवकरानें जो ‘माधवनिदान’ ग्रंथ रचिला, तो मुख्यतः रोगनिदानाला वाहिलेला आहे. रोग ओळखणें हें एक स्वतंत्र शास्त्र असून तें औषधयोजनेच्या आधीं आलें पाहिजे, ही जाणीव त्या रचनेच्या मुळाशीं आहे. यंत्रांच्या बाबतींत ही जाणीव आपण किती सहज विसरतों, याचा अनुभव आम्हांस एका जुन्या मोटारीनें दिला. आणि तोच या लेखाचें निमित्त होय.

मोटार आमच्या तीर्थरूपांच्या वेळची. ती सकाळीं निमूटपणें सुरू होई, वीसपंचवीस किलोमीटर सुरळीत धांवे. पण इंजिन तापून चढण लागली कीं अडखळूं लागे व बंद पडे. प्लग काढून पाहावे तों काजळीनें काळेभोर. ज्या कारखान्यांत ती आम्ही नेली, तेथें पांच मिनिटांत निकाल मिळाला : कार्ब्युरेटर बिघडला. तो एकदां धुतला गेला, एकदां दुरुस्त झाला, आणि शेवटीं बदललाहि. तरीहि वैशाखांतल्या एका दुपारीं, मागें वृद्ध मातोश्री बसल्या असतां, मोटार खंबाटकीच्या घाटांत थांबलीच. “आतां ही मोडींत काढा,” असा सल्ला चहूंकडून मिळाला. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. पण त्यांचें न बोलणें आम्हांस पुरेसें कळलें. तेव्हां मोटार विकण्यापूर्वीं निदान हा कार्ब्युरेटर म्हणजे काय तें तरी समजून घ्यावें, असें आम्हीं ठरविलें.

पेट्रोल हा द्रवपदार्थ. पण इंजिनाला हवी असते ती पेट्रोलची वाफ व हवा यांची मिसळ. वजनानें पेट्रोलचा एक भाग तर हवेचे सुमारें पंधरा भाग, हें पूर्ण ज्वलनाचें प्रमाण होय. कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तेव्हां त्याच्या गाडींत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन ती वाफेनें भारून घेण्याची साधी योजना होती. ऑगस्ट १८८८ मध्यें त्याची पत्नी बेर्टा ही दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्याच्या तीनचाकी गाडींतून गेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत वीसलोख येथील औषधाच्या दुकानांतून तिनें इंधन विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली ती तिनें टोपीच्या पिनेनें मोकळी केली, आणि विजेच्या तारेचें आवरण झिजलें तेथें मोज्याचा बंद गुंडाळला, असें सांगतात. या कथेंतील पिनेचें सर्वांस कौतुक वाटतें. आमच्या मतें खरें कौतुक निराळ्याच गोष्टीचें केलें पाहिजे : एक दोष इंधनाचा व दुसरा विजेचा, हें त्या बाईनें अचूक ओळखलें. दोन्ही दोषांनीं गाडी सारखीच थांबते. उपाय मात्र अगदीं भिन्न.

पृष्ठभागावरच्या वाफेवर मोठें इंजिन चालेना. पुढचें पाऊल १८९३ मध्यें पडलें. बुडापेस्टच्या डोनात बांकी व यानोश चोंका यांनीं त्या वर्षीं फेब्रुवारींत आपल्या फवाऱ्याच्या कार्ब्युरेटरसाठीं पेटंट मागितलें. त्याच वर्षीं जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानेंहि तशीच रचना सिद्ध केली. रस्त्यांत फुलांवर पाण्याचे तुषार उडविणारी फुलवाली पाहून हंगेरियन शोधकांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तत्त्व मात्र जुनेंच होतें. प्रवाहाचा वेग वाढला कीं त्याचा दाब उतरतो, हें डानिएल बेर्नुली यानें १७३८ मध्यें मांडलें. अरुंद गळ्यांतून जाणाऱ्या प्रवाहाचें वर्णन व्हेंतुरी यानें १७९७ मध्यें केलें. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यांतून हवा वेगानें जाते, तेथील दाब उतरतो, आणि जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल फवाऱ्यासारखें ओढलें जातें. शेजारच्या वाटींत तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो : पातळी वाढली कीं सुई वर जाऊन वाट बंद करते, उतरली कीं उघडते.

परंतु एकच जेट सर्व प्रसंगीं पुरत नाहीं. म्हणून इंजिन नुसतें गुरगुरत उभें असतां निराळें छिद्र, वेगासाठीं निराळें जेट, एकदम वेग घेण्यासाठीं छोटा पंप, आणि थंड इंजिन सुरू करण्यासाठीं हवा कमी करणारा चोक, अशी मांडणी होत गेली. निदानाची किल्ली या मांडणींतच आहे. वेगानें उत्तम चालणारी गाडी सिग्नलपाशीं बंद पडते, तर संशय मंदगतीच्या छिद्रावर घ्यावा. पाय दाबतांच ती क्षणभर अडते, तर पंपावर. पेट्रोल बाहेर ओघळतें, तर फ्लोटवर किंवा सुईवर. धूर काळा व प्लगहि काळे, तर पेट्रोल जास्त. प्लग पांढरेफटक आणि कार्ब्युरेटरच्याच तोंडून फटफट आवाज, तर पेट्रोल कमी, अथवा एखाद्या फाटक्या गॅस्केटमधून वावगी हवा आंत शिरत आहे. दोष *केव्हां* दिसतो, हा प्रश्न तो *कोठें* आहे याचें उत्तर बहुधा देऊन जातो.

येथें मात्र एक खांचखळगा आहे, आणि आमचे कारखानदार त्यांतच पडले. काळा प्लग पेट्रोल जास्त झाल्यानें होतो हें खरें. पण ठिणगी दुर्बळ असेल तर योग्य प्रमाणांत आलेलें पेट्रोलहि पुरतें जळत नाहीं, आणि प्लग तसाच काळा होतो. लक्षण एक, कारणें दोन! अखेर पेठेंतील एका वृद्ध मिस्त्रींकडे आम्ही गेलों. त्यांनीं कार्ब्युरेटरला हातहि लावला नाहीं. “आधीं बंद पडूं द्या,” म्हणाले, आणि आमच्या शेजारीं बसून मोटार तापेपर्यंत फिरविली. ती थांबतांच त्यांनीं प्लगची तार काढून ठिणगी पाहिली. ठिणगी पिवळट व मरगळलेली होती. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट जळून काळे पडले होते. तापल्यावर कंडेन्सर दगा देत होता. अगदीं किरकोळ किंमतीची ती वस्तु बदलली आणि आमचा रोग बरा झाला. “साहेब,” ते हंसून म्हणाले, “कार्ब्युरेटर समोर दिसतो, म्हणून मार त्यालाच बसतो.”

हें वाक्य आम्हीं पुढें इतिहासाच्या वर्गांत अनेकदां वापरलें आहे. राज्यें कां बुडालीं याची उत्तरें देतांनाहि, जें समोर दिसतें त्यालाच आपण कारण ठरवितों.

आतां हे सारें मागें पडत आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या कंपनीची, कुर्ल्यास तयार होणारी पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक दशकें धांवली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती त्या सेवेंतून निवृत्त झाली. नव्या मोटारींत कार्ब्युरेटर उरला नाहीं. पेट्रोल मोजण्याचें काम संगणक करतो. जुन्या मोटारींपुढें नवा प्रश्नहि उभा आहे : २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना व पडद्यांना सोसत नाहीं, शिवाय पाणी शोषून घेतें. त्यामुळें आज जुन्या मोटारीचें निदान करतांना टाकींत काय आहे, हेंहि विचारावें लागतें.

संगणक दोषाचा क्रमांक पडद्यावर दाखवितो, तेव्हां निदानाची विद्या संपली असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. तो क्रमांक कोणतें माप बिघडलें तें सांगतो. तें कां बिघडलें हें पुन्हां माणसानेंच शोधावयाचें असतें. क्रमांक हेंहि एक लक्षणच आहे, आणि लक्षणाला कारण समजण्याची चूक नव्या यंत्रानेंहि तितकीच सुखानें करतां येते.

मोटार अद्याप आमच्या अंगणांत आहे. मातोश्री आतां नाहींत. परंतु त्या दुरुस्तीनंतर दोन वेळां त्या तींतून घाट चढून वाईस गेल्या, आणि दोन्ही वेळां गाडी कोठें थांबली नाहीं.