संगणकाची निदानविद्या

बेंगळूरची जुनी पेठ केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविली आणि पुढे सुमारे शंभर वर्षांनी हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, एवढा इतिहास महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच पेठेच्या कडेने जाणाऱ्या सदर पत्रप्पा रस्त्याचे नाव मात्र इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. सारे शहर त्याला एस. पी. रोड म्हणते. बंद पडलेला संगणक बगलेत मारून माणसे या रस्त्यावर येतात, जशी ती पूर्वी रेडिओ घेऊन दुरुस्तीच्या दुकानी जात. फळीपलीकडचा कारागीर पेटीचे झाकण काढतो, एकदा आत पाहतो, आणि पुष्कळदा काही विचारण्यापूर्वीच त्याचा हात योग्य जागी जातो. या हाताच्या ओळखीमागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो केवळ यंत्रांचा नाही.

पहिल्या पिढीच्या संगणकांत दोष शोधणे हे अपवादाचे नव्हे, नित्याचे काम होते. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या एनियाक या यंत्रात सतरा हजारांहून अधिक निर्वात नळ्या होत्या, आणि दर एकदोन दिवसांनी त्यांपैकी एखादी निकामी होई. हजारो नळ्यांतून ती एक हुडकून काढणे हीच तंत्रज्ञांची खरी परीक्षा होती. १९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्ड विद्यापीठाच्या एका यंत्रातील विद्युत-कळीत पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. यंत्रदोषाला ‘बग’ म्हणण्याची चाल त्या दिवशी पडली, अशी एक समजूत प्रचलित आहे; ती बरोबर नाही. एडिसनच्या १८७८ मधील पत्रव्यवहारातही हा शब्द याच अर्थाने आलेला आहे. परंतु गोष्ट रम्य असली की ती खोडून काढण्याचा उत्साह फारसा कुणाला नसतो.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये एक संगणक पूर्ण झाला. पंडित नेहरूंच्या हस्ते १९६२ साली त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. यंत्र ज्यांनी बांधले तेच ते दुरुस्तही करीत. त्यामुळे दोष कोठे असेल हा प्रश्न परका नव्हता. बेंगळूरच्या जालहळ्ळीत भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये रेडिओसंचांत लागणाऱ्या नळ्या आणि पुढच्याच वर्षी जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर करावयास आरंभ केला होता. तात्पर्य, विद्युत-मंडलातील दुखणे ओळखणारी माणसे या शहरात संगणकाच्या आधीपासून तयार होत होती.

दरम्यान देशातील बहुतेक संगणक निराळ्या वाटेने आले होते. आयबीएम ही अमेरिकन कंपनी आपली यंत्रे प्रायः विकत नसे, भाड्याने देई. अमेरिकेत जुनी ठरलेली १४०१ या जातीची यंत्रे मुंबईच्या कारखान्यात नीट करून येथे भाड्याने दिली जात. यंत्र कंपनीचे, त्याची पुस्तके कंपनीची आणि बिघाड झाला की येणारा अभियंताही कंपनीचाच. भाडे देणाऱ्याला पेटीच्या आत काय आहे हे कळण्याचे कारणच नव्हते. ही व्यवस्था सोयीची होती यात संशय नाही. घरात कायमचा वैद्य ठेवावा आणि घरातल्या कुणालाही नाडी पाहता येऊ नये, अशातली ती सोय होती.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना आपला भाग चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणावयास सांगितले. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि मुंबईच्या कामगार चळवळीत नाव मिळविलेले जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. आयबीएमला ती अट मान्य नव्हती. १९७८ मध्ये कंपनी देश सोडून गेली. यंत्रे जागच्या जागी राहिली. रेल्वेची, कारखान्यांची, विद्यापीठांची कामे त्यांवर चालत. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही आयबीएमचे एक मोठे यंत्र होते. उद्या त्यातील एखादे बंद पडले तर ते उघडणार कोण, हा तेव्हा कार्यालयाकार्यालयांतून विचारला जाणारा प्रश्न होता.

उत्तराची तयारी थोडी आधी झाली होती. केंद्र सरकारने १९७५ च्या अखेरीस कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन केली होती. नावातच देखभाल असलेली अशी सरकारी संस्था विरळाच म्हणावी लागेल. देशभरातील आठशेहून अधिक ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल तिने आपल्या शिरावर घेतली. आयबीएमच्या कित्येक कर्मचाऱ्यांनी स्वतःची एक कंपनी काढली. यंत्रे बंद पडली नाहीत. या घटनेचा उल्लेख होतो तो बहुधा राजकारणातील वाद म्हणून. पण दुसऱ्याने बांधलेल्या यंत्राचे दुखणे आपल्याला ओळखता येते, हा धीर त्यातून आला, आणि तो त्या वादापेक्षा अधिक टिकाऊ ठरला.

त्या रिकाम्या जागेत जे उद्योजक उतरले, त्यांपैकी एकाचे मूळ खानदेशात होते. अमळनेर येथे १९४५ च्या डिसेंबरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. तिचेच संक्षिप्त नाव विप्रो. अझीम प्रेमजी यांनी १९६६ मध्ये ती हाती घेतली आणि १९८० च्या सुमारास बेंगळूरला संगणक बनविण्याचा घाट घातला. तूप विकणाऱ्याने संगणक करावा याचे तेव्हा अनेकांना हसू आले असेल. पण या कंपनीने एक गोष्ट अचूक हेरली होती: गिऱ्हाइकाची भीती किमतीची नव्हती, बिघाडाची होती. म्हणून विक्रीइतकाच भर तिने विक्रीनंतरच्या सेवेवर दिला, आणि तिची कीर्ती झाली ती मुख्यतः त्या सेवेमुळे. धूळ, उकाडा आणि घटकेत चढणारा घटकेत उतरणारा विजेचा दाब यांत परदेशी पुस्तकांतले उपाय पुरेसे पडत नसत.

१९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमचा टेबलावर मावणारा वैयक्तिक संगणक आला. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने भारतात आयात सुलभ झाली, आणि पुढील दहापंधरा वर्षांत सुटे भाग आणून यंत्र जुळविणारे कारागीर गल्लोगल्ली दिसू लागले. या यंत्राची एक खुबी अशी की, ते सुरू होताना स्वतःची तपासणी स्वतःच करते आणि काही बिनसले असेल तर ठरावीक ‘बीप’ देऊन सांगते. त्या आवाजांची भाषा कर्त्यागणिक निराळी. परंतु कारागिराच्या कानाला ती सरावाने कळते. आवाजच नाही, पंखाही फिरत नाही, तर प्रथम वीजपुरवठ्याच्या पेटीकडे वळावयाचे. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तर स्मृतीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळकरी खोडरबराने पुसून पुन्हा बसवावयाची. हवेतील दमटपणाने आणि धुळीने कडांवर पापुद्रा चढतो व संपर्क तुटतो. खोडरबर तेवढाच पापुद्रा उतरवते. हा उपाय गावंढळ दिसतो खरा, पण किती संगणकांना त्याने जीवदान दिले असेल त्याची गणती नाही. रोज सकाळी घड्याळ कित्येक वर्षे मागे जात असेल, तर रुपयाएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपलेली असते. यंत्र तासाभराने आपोआप बंद होत असेल, तर पंख्यात साठलेली धूळ झाडावी. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, की कारागीर आवश्यक तेवढेच भाग ठेवून बाकीचे सोडवितो आणि एकेक पुन्हा जोडीत जातो. ज्या भागापाशी यंत्र अडखळते तोच अपराधी. न्यायशास्त्रात ज्याला अन्वयव्यतिरेक म्हणतात, त्याहून हे फार वेगळे नाही.

१९९९ नंतरच्या काही वर्षांत जगभर एक विचित्र साथ आली. मदरबोर्डवरील छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांत भरलेले द्रावण सदोष निघाले; त्यांची डोकी फुगत, फुटत, आणि दोनतीन वर्षांची चांगली यंत्रे एकाएकी मरत. ज्या देशांत सबंध बोर्ड बदलण्याची रीत होती तेथे ती कचऱ्यात गेली. एस. पी. रोडसारख्या बाजारात मात्र काही रुपयांचे कपॅसिटर डाग देऊन बदलण्यात आले. यालाच तेथे ‘चिप-लेव्हल’ काम म्हणतात, आणि ज्याला ते येते त्याचा मान नुसता भाग बदलणाऱ्यापेक्षा मोठा असतो.

आयबीएम १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत भारतात परतली, आणि तिने ठाणे दिले ते बेंगळूरलाच. तिने आपला वैयक्तिक संगणकांचा धंदा २००५ मध्ये चीनच्या लेनोव्होला विकला. त्याच वर्षी बेंगळूरबाहेर डोब्बसपेट येथे ई-परिसर हा टाकाऊ विद्युत-उपकरणांतून धातू वेगळे काढणारा कारखाना सुरू झाला. त्या कारखान्याकडे जाणारा माल आणि एस. पी. रोडवर वाचणारा माल यांच्यामधली रेषा आता बारीक होत चालली आहे. नव्या यंत्रांत स्मृतीची पट्टी बोर्डालाच डागलेली असते, झाकणाला साधे मळसूत्रही नसते, आणि मंडलाचे नकाशे कंपन्या बाहेर देत नाहीत. म्हणजे भाड्याच्या यंत्राची ती जुनी अवस्था, यंत्र विकत घेतलेले असूनही, पुन्हा येऊ पाहते. भारत सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडले. शेतीची अवजारे, मोटारी, घरगुती उपकरणे आणि भ्रमणध्वनीसारखी विद्युत-साधने यांची दुरुस्तीविषयक माहिती कंपन्यांनी तेथे द्यावी, अशी अपेक्षा आहे. एस. पी. रोडवरचा कारागीर मात्र कोणत्याही पोर्टलची वाट न पाहता, भिंग डोळ्याला लावून, उष्ण हवेच्या झोताने ती डागलेली चिप सैल करीत बसलेला असतो.