'सीबीडी बायपास' म्हणजे नेमका कुठला?

आजीच्या डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनपुढे एवढंच लिहिलं होतं: 'सीबीडी बायपास'. पित्तनलिकेत पुन्हा पुन्हा खडे व्हायचे, म्हणून मुंबईतल्या एका रुग्णालयात ते झालं होतं. चार वर्षांनी ऐन आषाढात, मुरूडला, तिला हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "नळी कशाला जोडलीय?" घरात कुणालाच सांगता येईना. माझा विषय खरं तर तिथेच ठरला.

जोडायच्या मुख्य रीती दोन. पहिलीत नळी थेट ड्युओडेनमला, म्हणजे जठराला लागून असलेल्या आतड्याला जोडतात. १८८८ मध्ये रीडेल यांनी हे करून पाहिलं, रुग्ण दगावला. १८९१ मध्ये श्प्रेंगेल यांना जमलं. एकच जोड, वेळ कमी. पण नळी चांगली फुगलेली हवी, नाहीतर जोड आवळत जातो. शिवाय जोडाच्या खाली नळीचा जो तुकडा उरतो त्यात अन्न आणि गाळ साचून ताप येऊ शकतो. याला 'संप सिंड्रोम' म्हणतात. (आपला हरताळवाला संप नव्हे, हा गाळ साचायचा खड्डा.)

दुसरीत लहान आतडं कापून त्याचा एक फाटा यकृताजवळ नेऊन नळीला जोडतात. ही वाय आकाराची रचना लोझानच्या सेझार रू यांनी जठराच्या शस्त्रक्रियेसाठी रूढ केली, आणि १९०९ मध्ये डाल यांनी ती पित्तमार्गासाठी वापरली. यात अन्न सहसा नळीकडे चढत नाही. पण जोड दोन करावे लागतात, आणि पुढे कधी खडा झालाच तर तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण तिथवर पोचत नाही. पहिल्या रीतीत पोचते.

मग सरस कुठली? मीही आधी जुन्या पेपरांतले आकडे दोन रकान्यांत मांडत बसले होते. तसं करू नका. ड्युओडेनमचा जोड बहुधा वयस्कर, मोठ्या नळीच्या रुग्णांना दिला जायचा. वायचा जोड वरच्या भागात खडे किंवा आकुंचन असलेल्यांना. म्हणजे रुग्णच वेगळे, निकाल वेगळे येणारच. त्यात १९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन-डेमलिंग आणि जपानमध्ये कावाई यांनी दुर्बिणीतून नळीचं तोंड कापून खडे काढण्याची रीत प्रसिद्ध केली. ती रुळल्यावर सोपे रुग्ण सर्जनकडे यायचेच कमी झाले. १९६५ची आणि १९९५ची मालिका शेजारी ठेवताना हे विसरलात, तर सगळी तुलनाच फसते.

दुसरी अडचण आपल्या किनाऱ्याची. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या बोटी बंद. मुरूड-श्रीवर्धनचा माणूस तापासाठी गावातच अँटिबायोटिक घेतो, आणि मुंबईच्या नोंदीत तो नुसता 'फॉलो-अपला आला नाही' म्हणून राहतो. तो बरा झाला असं धरायचं का? गाळ साचून येणारा ताप नेमका इथेच निसटतो. जुन्या नोंदी चाळणाऱ्यांसाठी अजून एक: १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. पत्त्यात 'कुलाबा' दिसलं की तो जिल्हा की मुंबईतलं कुलाबा, हे तालुका पाहिल्याशिवाय ठरवू नका. मी आठवडाभर चुकीचे रुग्ण मोजले होते.

आजीचं काय झालं? सोनोग्राफीत नळीत हवा दिसली, पण तेवढ्यावरून जोड कुठला ते ठरेना. शेवटी पेणमार्गे गाडीने मुंबईला नेलं. दुर्बिणीत जोड ड्युओडेनमलाच दिसला. गाळ काढला, दोन दिवसांत ताप उतरला. कार्डावर त्या दोन शब्दांखाली आता माझ्या अक्षरात लिहिलंय: 'नळी ड्युओडेनमला जोडली आहे.'