तारापूरची सवय

बोईसरला राहणाऱ्या माणसाला बाहेरचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात. "अणुभट्टीच्या इतक्या जवळ राहता, भीती नाही वाटत?" उत्तरही ठरलेलं. "सवय झाली!" पण ही सवय नेमकी कशाची?

आधी एक खुलासा. अणुभट्टी म्हणजे अणुबॉम्ब नव्हे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या मदतीने उभ्या राहिल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागल्या. हे सगळं शस्त्रांसाठी वापरायचं नाही, अशी अट १९६३ च्या करारातच होती. तरी बॉम्बची झळ लागलीच. १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, पुढे अमेरिकेने इंधन द्यायला खळखळ सुरू केली आणि शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सशी करार करून मार्ग काढावा लागला.

दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी. युद्धात भट्टीवर साधा बॉम्ब पडला तरी किरणोत्सर्गाचा धोका आहेच. म्हणून ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत करार झाला, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, २००२ मध्ये सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या, पण यादी चुकली नाही. वीज बनवणाऱ्या भट्ट्याही या करारात येतात. म्हणजे आपल्या शेजारच्या भट्टीची सुरक्षितता थोडीफार शत्रूच्या शब्दावरही आहे!

मे २०२५ मध्ये आणखी एक यादी निघाली, नागरी संरक्षणाच्या सरावाची. महाराष्ट्रातून पहिल्या वर्गात तीनच नावं : मुंबई, उरण आणि तारापूर. सराव ७ मे ला होता आणि त्याच दिवशी पहाटे 'ऑपरेशन सिंदूर' झालं. एक यादी म्हणते इथे हल्ला होणार नाही, दुसरी म्हणते झाला तर तयार राहा. माणसाने दोन्ही मनात ठेवून सकाळची लोकल पकडायची.

हिरोशिमातून वाचलेल्यांशी बोलून रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने मनाच्या बधिरपणाबद्दल लिहिलं. आपली 'सवय' तीच का? मला पूर्ण तसं वाटत नाही. रोजच्या काळज्या मोठ्या भीतीला जागाच देत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, तेव्हा तिथल्या लोकांपुढे किरणोत्सर्गाच्या आधी घराचा प्रश्न होता.

पण सवय आणि तयारी यांत फरक आहे. केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजनाचं क्षेत्र धरलं जातं. बोईसर त्याच्या आत येतं. तेव्हा बोईसर-चिंचणीच्या समस्त काका-मावशींनो, भीती नसली तरी चालेल. पण भोंगा वाजला तर घरात थांबायचं की बाहेर पडायचं, हे घरातल्या लहानथोरांना माहीत आहे का? आज जेवताना एकदा विचारून बघा.